क्लब घ्या, पण मैदान त्याच्यापासून तोडू नका

खालच्या डिव्हिजनमधले फुटबॉल क्लब विकत घेणारे सर्व मालक आणि त्यांची संचालक मंडळं यांना,

सप्रेम नमस्कार.

मी ज्या क्लबचा पाठीराखा आहे त्याचं नाव या पत्रात घेणार नाही. हे पत्र एका मालकापुरतं नाही म्हणून. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खालच्या डिव्हिजनमधले, म्हणजे देशातल्या सर्वात वरच्या लीगच्या खालच्या पातळ्यांवरचे, जे क्लब बुडाले, किंवा बुडता बुडता वाचले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या कहाणीचा क्रम एकच आहे. आधी मैदान हातचं गेलं किंवा गहाण पडलं, मग क्लबवर वेळ आली. तुम्ही या व्यवहारात नव्याने उतरत असाल किंवा मुरलेले असाल, माझं मागणं एवढंच आहे की मैदान आणि क्लब यांची ताटातूट करू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो.

क्लब विकत घेताना तुमच्यासमोर जो अहवाल येतो त्यात आम्ही ‘सरासरी प्रेक्षकसंख्या’ या एका ओळीत असतो. त्या ओळीत माणसं कोण आहेत ते बघा. मॅचच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन फाटक उघडणारी बाई त्यात आहे, आणि तिला त्याचा पगार मिळत नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर रोज मैदानावर येऊन गोलपोस्टची जाळी शिवणारे, रेषा आखणारे गृहस्थ आहेत. मंगळवारी रात्री परगावच्या मॅचला जायचं म्हणून ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकणारे, मध्यरात्री उलटून गेल्यावर घरी पोचणारे आणि सकाळी पुन्हा कामावर हजर होणारे आहेत. क्लबकडे पैसे नव्हते तेव्हा खेळाडूंच्या बसचं भाडं यांनीच पदरमोड करून भरलं. मी लहान असताना वडिलांच्या बोटाला धरून पहिल्यांदा स्टँडच्या पायऱ्या चढलो. तेव्हा ज्यांच्या शेजारी उभा राहिलो, त्यांच्यातले काही आज नाहीत, पण त्यांची मुलं त्याच कोपऱ्यात उभी असतात.

आम्हाला मिळतं काय, हा प्रश्न लोक विचारतात. चोवीस संघांच्या डिव्हिजनमधून तीन-चार संघ वर जातात, दोन-चार खाली जातात. उरलेल्यांचा मोसम शेवटच्या दीड महिन्यात नुसताच संपत जातो. आमच्या वाट्याला बहुतेकदा तोच मोसम येतो. आमच्याकडे एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा चमकू लागला की जानेवारीत त्याची ट्रान्स्फर होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो गेला की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. पुढे तो मोठ्या क्लबकडून टीव्हीवर दिसला की मात्र छाती फुगते, आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगावंसं वाटतं की हा आमच्याकडे होता.

जिंकणं क्वचित येतं, म्हणून आलं की ते आयुष्यभर पुरतं. 8 मे 1999 चा दिवस आठवा. कार्लाईल युनायटेडला इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये टिकायचं तर प्लिमथविरुद्ध जिंकायलाच हवं होतं. बरोबरी होती, वेळ संपलेली होती, जादा मिनिटांतलीही शेवटची काही सेकंदं राहिली होती. कॉर्नर मिळाला आणि गोलकीपर जिमी ग्लास आपला गोल सोडून पुढे धावत गेला. तो दुसऱ्या क्लबकडून लोनवर, म्हणजे उसना आलेला होता, मोसमातल्या शेवटच्या काही मॅचेसपुरता. त्याच्या पायाला चेंडू लागला, गोल झाला आणि कार्लाईल वाचलं. या गोलची दुसरी बाजू मी नेहमी सांगतो. त्याच वेळी स्कारबरोचे पाठीराखे आपल्या मैदानावर उतरून नाचत होते, कारण त्यांची मॅच आधी संपली होती आणि आपण वाचलो असं त्यांना वाटत होतं. कार्लाईलच्या गोलची बातमी तिथे पोचली, आणि स्कारबरो लीगच्या बाहेर गेलं. 2007 मध्ये तो क्लब दिवाळखोरीत बंद पडला. पाठीराख्यांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, पण स्वतःच्या गावात मैदान नव्हतं. दहा वर्षं, 2017 पर्यंत, ते ब्रिडलिंग्टन या दुसऱ्या गावी जाऊन ‘घरच्या’ मॅचेस खेळले.

खाली जाणं आम्हाला सहन होतं. लीगबाहेर फेकलं जाणंही, रडतकुढत का होईना, सहन होतं. स्कारबरोच्या लोकांनी मैदानावरचा तो पराभव पचवलाच होता. घराशिवायची दहा वर्षं ही वेगळी शिक्षा आहे, आणि ती खेळातल्या हारजितीने होत नाही. ती कागदोपत्री होते.

क्लबमध्ये सगळं बदलत असतं. खेळाडू दोन-तीन वर्षांत जातात, प्रशिक्षक त्याहून लवकर जातात. तुम्हीही जाल, राग मानू नका. डिव्हिजन बदलते, जर्सीवरचं प्रायोजकाचं नाव बदलतं. जागा बदलत नाही. कोणत्या पायरीवरून कोणता गोल पाहिला, पावसात कुठल्या खांबाच्या आडोशाला उभे राहिलो, गेलेल्या मित्राची जागा कोणती, हे सगळं त्या जमिनीला चिकटलेलं असतं. अनेक क्लबांच्या पाठीराख्यांनी घरच्या माणसांच्या अस्थी आपल्या मैदानाच्या कडेला विसर्जित केल्या आहेत. अशा जमिनीचा उल्लेख ताळेबंदात ‘स्थावर मालमत्ता’ असा होतो. तो चूक नाही, तसा होणारच. पण तेवढाच वाचून निर्णय घेऊ नका.

हे तोडणं कसं होतं, तेही लिहितो, कारण सामान्य पाठीराख्याला ते फार उशिरा कळतं. मालक एक नवी कंपनी काढतो. क्लबचं मैदान तिच्या नावावर करतो. कारण सांगितलं जातं की मालमत्ता सुरक्षित राहील, क्लबवर संकट आलं तरी मैदानाला धक्का लागणार नाही. मग क्लब स्वतःच्याच मैदानात भाडेकरू होतो. भाडं थकतं, किंवा वाढतं. त्या जमिनीवर कर्ज काढलं जातं आणि खेळाडूंच्या पगारात जिरतं. क्लब विकायची वेळ येते तेव्हा विकायला क्लबचं नाव असतं, जर्सी असते, आणि भाडेकरार असतो. नव्या खरेदीदाराला जमीन हवी तर वेगळी किंमत. त्यामुळे चांगला खरेदीदार मागे फिरतो, आणि येतो तो जमिनीवर डोळा असलेला. आमच्या क्लबमध्ये याची पहिली दोन पावलं पडून गेली आहेत. मैदान दुसऱ्या कंपनीकडे गेल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्यातल्या एका हिशेब जाणणाऱ्या माणसाने वार्षिक हिशेब चाळले तेव्हा भाड्याचा आकडा दिसला. जे मैदान आपलं आहे असं आम्ही समजत होतो, त्याचं भाडं.

ब्राइटनचं उदाहरण घ्या. आज हा क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वात वरच्या लीगमध्ये आहे म्हणून लोक विसरतात. 1902 पासून ते गोल्डस्टोन ग्राउंडवर खेळत होते. नव्वदच्या दशकात तिथल्या संचालकांनी कर्जाचं कारण सांगून ते मैदान विकसकांना विकलं, आणि तेही नवी जागा हातात नसताना. एप्रिल 1997 मध्ये तिथे शेवटची मॅच झाली. लोकांनी हिरवळीचे तुकडे उपटून घरी नेले. पुढची दोन वर्षं ब्राइटनच्या ‘घरच्या’ मॅचेस सुमारे 110 किलोमीटर लांब, गिलिंगहॅमला झाल्या. नंतर धावण्याच्या ट्रॅकच्या मध्ये बसवलेलं एक तात्पुरतं मैदान, विदडीन, तिथे 2011 पर्यंत. चौदा वर्षं. या काळात जो मुलगा सात वर्षांचा होता तो एकविसाचा झाला. त्याला क्लबशी बांधून ठेवण्याचं काम तिथल्या पाठीराख्यांनी केलं: मोर्चे काढून, सह्या गोळा करून, निवडणुका लढवून. फेब्रुवारी 1997 मध्ये तर इतर क्लबांचे पाठीराखे आपापल्या जर्सी घालून गोल्डस्टोनवर आले होते, केवळ सोबत उभं राहायला. मोठ्या क्लबांच्या वैराच्या बातम्या रोज येतात. या दिवसाची आठवण मला त्या सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते.

विम्बल्डनचं तर सगळंच नेलं. 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप, ही इंग्लंडमधली मानाची बाद फेरीची स्पर्धा, जिंकणारा हा लंडनचा क्लब. 1991 मध्ये त्यांनी आपलं प्लाउ लेन मैदान सोडलं आणि दुसऱ्याच्या मैदानात भाड्याने गेले. एकदा घर सुटलं की क्लब कुठेही उचलून नेता येतो, असं मालकांच्या मनात येतं, आणि तसंच झालं. 28 मे 2002 रोजी तिघांच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी क्लबला मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात जायची मुभा दिली. पाठीराख्यांनी काही दिवसांतच एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब उभा केला, सार्वजनिक माळावर खुल्या चाचण्या घेऊन खेळाडू निवडले आणि प्रादेशिक लीगपासून सुरुवात केली. 2011 मध्ये तो क्लब फुटबॉल लीगमध्ये पोचला. नोव्हेंबर 2020 मध्ये जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या नव्या प्लाउ लेनवर ते परतले. ही जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते, आणि आहेच. पण इतक्या लोकांच्या आयुष्यातली इतकी वर्षं जे आपलं होतंच ते परत मिळवण्यात गेली, याचा हिशेब कुणी मांडायचा?

आणि बरी नावाचा क्लब. 1885 मध्ये स्थापना, 1900 आणि 1903 मध्ये एफए कप, 1894 पासून सलग फुटबॉल लीगमध्ये. डिसेंबर 2018 मध्ये हा क्लब एका पाउंडाला विकला गेला. गिग लेन मैदानावर कर्जाचा बोजा आधीच होता. खेळाडूंचे पगार थकत असतानाही संघाने त्या मोसमात बढती मिळवली. ऑगस्ट 2019 मध्ये, क्लब वाचेल अशी शेवटची आशा होती तेव्हा शेकडो माणसं झाडू आणि बादल्या घेऊन मैदानावर आली आणि खुर्च्या पुसू लागली, कारण मॅच झाली तर मैदान तयार असायला हवं. 27 ऑगस्टला लीगने बरीला काढून टाकलं. मैदान परत मिळवायला 2022 उजाडलं. त्या खुर्च्या पुसणाऱ्यांना तुम्ही कोणत्या रकान्यात मांडाल?

या ठिकाणी मला तुमचीही बाजू घ्यायला हवी, कारण ती आहे. खालच्या डिव्हिजनमध्ये क्लब चालवणं म्हणजे दर महिन्याला भोक पडणं. वरच्या लीगच्या टीव्हीच्या पैशांतला फारच थोडा वाटा खाली झिरपतो. बढती मिळाली तर चित्र पालटेल या आशेवर सगळेच आपल्या कुवतीपेक्षा जास्त पगार देतात, आणि जो देत नाही तो मागे पडतो. तुमच्यातले कितीतरी जण स्वतःच्या खिशातून ते भोक बुजवत आले आहेत. पराभवानंतर शिव्या आम्हीच दिल्या, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पगाराचे चेक काढलेत. मी त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. मैदान हे तुमच्या हातातलं शेवटचं तारण असतं, हेही मला कळतं.

शिवाय जुनं मैदान आहे तसंच राहिलं पाहिजे असा आमचा हट्ट नाही. 11 मे 1985 रोजी ब्रॅडफर्ड सिटीने तिसऱ्या डिव्हिजनची ट्रॉफी आपल्या लोकांसमोर उंचावली, आणि त्याच दुपारी व्हॅली परेडच्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागून 56 जणांचा जीव गेला. ते आनंद साजरा करायला आले होते. त्या दिवसानंतर जुन्या स्टँडच्या प्रेमापोटी कुणी सुरक्षेला विरोध करू नये. पाडा, नवं बांधा, गरज पडली तर गावातच दुसऱ्या जागी न्या. पण नवं उभं राहिल्याशिवाय जुनं विकू नका, आणि दोन्हींची मालकी क्लबचीच ठेवा.

मार्ग नाही असं नाही. चेल्सी या वरच्या लीगमधल्या श्रीमंत क्लबचं नाव या पत्रात विचित्र वाटेल, पण त्यांच्या मैदानावर एके काळी विकसकांचा डोळा होता. म्हणून 1993 मध्ये चेल्सी पिच ओनर्स नावाची संस्था निघाली. स्टॅमफर्ड ब्रिजच्या जमिनीची मालकी तिच्याकडे आहे, आणि क्लबच्या नावाचा हक्कही. तिचे भागधारक सामान्य पाठीराखे आहेत. 2011 मध्ये तेव्हाच्या अतिश्रीमंत मालकाने ती जमीन परत मागितली. त्यासाठी 75 टक्के मतं लागत होती, ती मिळाली नाहीत. मालकाला ते मान्य करावं लागलं. आणि यामुळे क्लबचं काही वाईट झालं नाही, पुढच्याच वर्षी त्यांनी चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वात मोठी क्लब स्पर्धा जिंकली.

बर्लिनच्या युनियन क्लबने तर उलट बाजूने उत्तर दिलं. पैसे नव्हते आणि स्टेडियम मोडकळीला आलं होतं. 2008-09 मध्ये दोन हजारांहून जास्त पाठीराख्यांनी स्वतः घमेली उचलून, वेल्डिंग करून, सुमारे 1,40,000 तास श्रमदान करून ते उभं केलं. 2011 मध्ये त्या स्टेडियमचे शेअर्स आपल्याच लोकांना विकले. 2019 मध्ये हा क्लब बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला. ज्या स्टँडचं काँक्रीट तुम्ही स्वतः ओतलंय, त्यात उभं राहून पहिल्या डिव्हिजनची पहिली मॅच बघणं कसं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

आता कायदाही बदलतो आहे. इंग्लंडमध्ये 2025 च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला आहे. वरच्या पाच पातळ्यांवरच्या क्लबांना मैदान विकायचं किंवा दुसरीकडे हलवायचं असेल तर त्याची परवानगी लागेल. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे बहुमत ठेवणारा नियम कितीतरी वर्षांपासून आहे. जिथे असे नियम नाहीत तिथल्या मालकांना माझी विनंती आहे की कायद्याची वाट बघू नका. क्लबच्या घटनेत एक कलम घाला: सभासद आणि सिझन तिकीटधारक यांच्या तीन-चतुर्थांश मतांशिवाय मैदान विकता, गहाण ठेवता किंवा दुसऱ्या कंपनीकडे वर्ग करता येणार नाही. असं कलम घालायला पैसे लागत नाहीत. तुमच्यानंतर येणाऱ्याचे हात त्याने बांधले जातील, हे खरं. त्यासाठीच ते हवं आहे.

ज्यांनी मैदान आधीच वेगळ्या कंपनीत टाकलं आहे त्यांनी ते परत क्लबच्या नावावर करावं. एकदम जमणार नसेल तर भाडेकरार निदान पन्नास-साठ वर्षांचा करा, भाडं नाममात्र ठेवा, आणि जमीन विकायची झालीच तर पहिला हक्क पाठीराख्यांच्या संस्थेला द्या. आम्ही पैसे उभे करू शकतो. 2013 मध्ये पोर्टस्मथच्या पाठीराख्यांच्या ट्रस्टने क्लब वाचवून दाखवला आणि चार वर्षांत तो चौथ्या डिव्हिजनचा विजेता झाला. एक्सेटर सिटी 2003 पासून पाठीराख्यांच्या ट्रस्टच्याच हातात आहे. आम्हाला हिशेब कळतो. आमच्यात लेखापाल आहेत, वकील आहेत, गवंडी आहेत, आणि आम्हाला क्लब सोडून दुसरीकडे जायचं नाही.

पुढच्या मोसमाची तिकीटविक्री सुरू होण्याआधी तीन कागद सगळ्यांसमोर ठेवा: जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कर्ज किती आणि कोणाचं, आणि भाडेकरार असेल तर त्याच्या अटी. आमच्या क्लबच्या कार्यालयात ही मागणी मी लेखी दिली आहे, पोच घेतली आहे. इतर क्लबांचे पाठीराखे हे वाचत असतील तर त्यांनीही द्यावी. उत्तर आलं की सगळ्यांना कळवेन, नाही आलं तर पुन्हा लिहीन.

आपला,
खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबचा जन्मभराचा पाठीराखा